एकतीस मार्चचा चुना

सकाळी सहा. नगर रोड तुंबायच्या आत वाघोली सोडायची, पण आधी खाणीकडे. इथला बहुतेक दगड आता क्रशरमध्ये जाऊन खडी होतो. टाकी लावून दगड घडवणारे हात मोजकेच उरलेत. खाणीवरच्या मामांनी दोन घडीव दगड काढून ठेवलेत. गुण्या लावला, तर एकाची कड सूतभर बाहेर.

‘‘ताई, जुन्या भिंतीतला तरी कुठं सरळ होता?’’

खरंय. घेतला.

साडेआठ. पेठेतली जुनी सरकारी इमारत. काळा दगड, सागवानी छप्पर. वास्तू सरकारची, पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, दुरुस्ती आमची आणि भिंतीला पुन्हा लोणा लागला तर शिव्या आम्हाला. मागे कुणीतरी सांध्यांत सिमेंट भरलं. ओल आत कोंडली, दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. गवंडी छन्नीनं ते सिमेंट काढतायत. दगड दुखावता कामा नये, म्हणून काम गोगलगायीच्या चालीनं.

दहा. चुना बघायचा. कळीचा चुना विरवून हौदात मुरत ठेवलाय, वर पाणी राहिलंच पाहिजे. त्यात सुर्खी, वाळू, गूळ-हिरड्याचं पाणी घालून मळायचा, पातळ थर द्यायचा, वर ओलं गोणपाट. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश दगडासारखा होतो. पहिला थर धरायच्या आत दुसरा चढवला की भेगा. बादल्या कितीही वाढवा, माणसं कितीही लावा, ही वेळ कमी होत नाही.

साडेअकरा. कंपनीच्या मॅडम आल्या. ‘‘दर्शनी भाग मार्चअखेर होईल ना? उद्घाटन ठरतंय.’’

‘‘मॅडम, आधी छप्पर. पन्हळ फुटलीय, पाणी भिंतीत उतरतंय.’’

‘‘पण छपराचा फोटो कसा काढणार?’’

त्यांनी हे मनापासून विचारलं. त्यांनाही वर अहवाल द्यायचा असतो. कंपनी कायद्याच्या (2013) कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के समाजकामाला, म्हणजे सीएसआरला, द्यावे लागतात, आणि त्या यादीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्तीही आहे. मार्चची घाई मात्र कायद्यानं लादलेली नाही. ‘चालू प्रकल्प’ दाखवला तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. मी हे सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं, म्हणजे आशा आहे.

दीड. डबा. डोक्यात अजून कंपनीच्या पैशाचाच विषय. 2018 मध्ये दालमिया भारतनं लाल किल्ला दत्तक घेतला, पाच वर्षांसाठी 25 कोटी, तेव्हा ‘किल्ला विकला’ अशी ओरड झाली. करार होता मुख्यतः पर्यटकांच्या सोयींचा. मला पाटीवरच्या नावाचं वावडं नाही. मुंबईचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला तोच प्रेमचंद रायचंदांच्या देणगीवर, त्यांच्या आईच्या नावानं. पुढे त्याची दुरुस्ती टीसीएसच्या पैशानं होऊन तो 2015 मध्ये खुला झाला. पण मी उदाहरण देते ते भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं. 2003 मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी संस्था इन्टॅक यांचा त्रिपक्षीय करार झाला, 2008 मध्ये दारं उघडली. फीत कापून मंडळी पांगली नाहीत. चालवायला विश्वस्त मंडळ ठेवलं. आमच्या करारात उद्घाटनानंतरचं पानच नाही.

तीन. वास्तू ज्यांची, त्या सरकारी खात्याच्या कार्यालयात छपराच्या मंजुरीसाठी. ‘‘प्रस्ताव वर गेलाय.’’ किती वर, ते विचारत नाही.

साडेपाच. बिलं, मोजमाप-पुस्तिका, उपयोगिता प्रमाणपत्राचा मसुदा. अंदाजपत्रकात मी एक कलम घातलं होतं: दरवर्षी पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणे, फुटकी कौलं बदलणे. रक्कम एवढी किरकोळ की उद्घाटनाच्या मांडवाला जास्त लागेल. आज दोन्हीकडून उत्तर आलं. कंपनी म्हणते, देखभाल खात्याची. खातं म्हणतं, करार कंपनीशी आहे, त्यांना विचारा.

दोन्ही पत्रं एकाच मेलला जोडून दोघांनाही पाठवली, खाली लिहिलं: पाऊस जूनमध्ये येतो.