इंग्रजीचा सारांश आधी मराठीतून काढा

दहावीच्या इंग्रजी पेपरात न वाचलेला उतारा येतो आणि त्याच्याच खाली त्याचा सारांश लिहा, शीर्षक द्या, असा पाच गुणांचा प्रश्न असतो. मराठी शाळेतली आपली बरीचशी पोरे या प्रश्नाला काय करतात ठाऊक आहे? उताऱ्याची पहिली ओळ घेतात, शेवटची ओळ घेतात, मधली एखादी बरी दिसली तर तीही घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पाचापैकी दीड-दोन गुण पदरात पडतात. शब्द तयार करण्याच्या आणि वाक्प्रचारांच्या प्रश्नांची गतही तीच. इथे तिथे असे तुकड्या-तुकड्याने आठ-दहा गुण गळतात आणि पस्तिसाच्या काठावरचे पोरगे खाली येते.

पालकहो, हे नुसत्या गुणांचे दुखणे नाही. चिमूर तालुक्यात, किंवा पलीकडे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, दहावीत इंग्रजी राहिले की पोरीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि पोरगा धानाच्या बांधीत नाही तर तेंदूपत्त्याच्या हंगामात दिसू लागतो. आणि दहावी निभली तरी इंग्रजी पाठ सोडत नाही. आपल्या भागातली पोरे ज्या नोकरीकडे डोळे लावून बसतात त्या वनरक्षकाच्या लेखी परीक्षेत इंग्रजी असते, तलाठ्याच्या परीक्षेतही असते. थेट दिल्लीच्या लोकसेवा आयोगापर्यंत गेलात तर तिथल्या सक्तीच्या इंग्रजी पेपरात सारांशच बसलेला, उतारा एक तृतीयांश करा म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार? इथेच आपली गल्लत होते. सारांश काढणे ही इंग्रजीची विद्या नव्हेच. ती आपल्या घरात रोज चालते. नात्यात कोणी वारले की निरोप कसा धाडता? "मामी गेली. माती उद्या दहा वाजता." संपला निरोप. दवाखाना कोणता, सलाईन किती लागल्या, शेवटी कोण जवळ होते, हे सगळे माणूस बरोबर गाळतो आणि कामाचे तेवढे ठेवतो. तारेच्या काळात तर शब्दाला पैसा मोजावा लागे, म्हणून आपल्या बापजाद्यांना हे पक्के जमत होते. २०१३ साली तार बंद झाली, पण निरोपाची अक्कल काही बंद झालेली नाही.

तेव्हा पोराला सारांश पहिल्यांदा मराठीतूनच काढायला लावा. आपल्याच गावची गोष्ट घ्या. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमुरात मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा त्यात गेला. लोक चवताळले आणि काही सरकारी अधिकारी जिवानिशी मारले गेले. मग गावात फौज घुसली, तिने बायाबापड्यांवर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला.

पहिली आणि शेवटची ओळ उचलणाऱ्या पोराच्या सारांशात काय येईल? तारीख येईल आणि उपवास येईल. मधली क्रांती गायब! उपवास कशासाठी, ते वाचणाऱ्याला कळणारच नाही. त्याऐवजी त्याला तीनच गोष्टी विचारा. कोणी केले, काय केले, मग काय झाले? तो आपोआप सांगेल, "ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरचे लोक इंग्रज सरकारविरुद्ध उठले. गोळीबारानंतर लोकांनी अधिकारी मारले आणि फौजेने गावावर अत्याचार केले. चौकशीसाठी भन्साळींनी दीर्घ उपवास केला." तीन वाक्ये झाली. नागपंचमी गळली, मिरवणूक गळली, ६३ चा आकडाही गळला. पोराला वाईट वाटेल, बालाजीचे नाव कसे गाळायचे म्हणून. वाटू द्या. काय ठेवायचे आणि काय सोडायचे यावर घरात दोन घटका वाद झाला तर तोच खरा अभ्यास. मात्र आपले मत सारांशात घालायचे नाही. "फौजेने फार वाईट केले" हे खरे असले तरी उताऱ्यात नसेल तर लिहायचे नाही.

मग हे इंग्रजीत न्यायचे. "इन ऑगस्ट १९४२ द पीपल ऑफ चिमूर रोज अगेन्स्ट द ब्रिटिश." उठाव केला याला 'रोज अगेन्स्ट'. हा वाक्प्रचारच झाला. इंग्रजी वाक्प्रचार पोरांना डोंगर वाटतात, कारण आपण याद्या पाठ करायला लावतो. खरे तर आपल्या बोलीत हाच प्रकार आहे. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यात फरक आहे की नाही? 'सोडले' वेगळे आणि 'सोडून दिले' वेगळे. मूळ क्रियापदाला एक लहानसा सोबती जोडला की अर्थ पालटतो. इंग्रज हेच 'अप', 'आऊट', 'ऑफ' लावून करतो. ईट अप म्हणजे खाऊन टाकणे, गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, पुट आऊट म्हणजे विझवून टाकणे. उन्हाळ्यात जंगलात वणवा लागतो तेव्हा 'पुट आऊट द फायर' असे एक वाक्य पोराने केले, तर ते त्याच्या डोक्यातून जायचे नाही. आपला 'करून राहिला' सुद्धा कामाचा आहे बरं. "काय करून राहिला?" म्हणजे सरळ "व्हॉट आर यू डूइंग?" शाळेत या बोलीला हसतात, पण चालू काळ तिच्यात स्पष्ट दिसतो.

उलट एक खबरदारी. शब्दाला शब्द लावून वाक्प्रचार उलथू नका. "त्याचा डोळा लागला" याचे शब्दशः इंग्रजी केले तर परीक्षकाचा डोळा लागेल.

राहिली शब्दनिर्मिती. पुढे 'अन', 'री', 'डिस' लावा, मागे 'फुल', 'लेस', 'नेस' लावा, नवा शब्द करा, असा प्रश्न असतो. याचे साहित्य गाइडात शोधण्यापेक्षा पोराला घेऊन बाजारातून एक चक्कर मारा. मोटारपंपाच्या दुकानावर 'रीवाइंडिंग' लिहिलेले असते. तार पुन्हा गुंडाळणे. मोबाइलवाल्याकडे 'रिचार्ज', पुन्हा भरणे. भरतीत पोरगा 'अनफिट' ठरतो, ट्रक 'ओव्हरलोड' होतो. 'री' म्हणजे पुन्हा, 'अन' म्हणजे नाही, 'ओव्हर' म्हणजे जास्त, हे पोराला आधीच ठाऊक आहे. फक्त ते इंग्रजी व्याकरण आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मराठीतही आपण बेजबाबदार, बिनकामाचा, गैरहजर असे शब्द पाडतोच. 'नॉनस्टॉप' आणि एस.टी.ची 'विनाथांबा' ही एकाच साच्यातली जोडी आहे.

एक अडचण खरी आहे. 'अनपॉसिबल' का नाही, 'इम्पॉसिबल'च का? अंबा म्हणताना अनुस्वाराचा 'म' होतो आणि अंत म्हणताना 'न'. प, ब, म पुढे आले की ओठ मिटतात, म्हणून 'म'. इंग्रजीत हाच खेळ चालतो. इनकम्प्लीट, पण इम्पॉसिबल आणि इम्मॅच्युअर. बाकी कुठे 'अन' आणि कुठे 'इन' हे पाठच करावे लागते, त्याला इलाज नाही.

शब्दनिर्मिती सारांशालाही हात देते. 'पीपल हू वर्क इन द फील्ड्स' या सहा शब्दांच्या जागी 'फार्मर्स' बसतो. 'विदाऊट एनी होप' म्हणजे 'होपलेस'. शब्द वाचले, सारांश आटोपशीर झाला. म्हणून या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या तासांना शिकवण्यापेक्षा एकाच उताऱ्यावर शिकवाव्यात, असे आमचे गुरुजनांना सांगणे आहे. मराठीचा आधार घेतला तर इंग्रजी बिघडते हा समज तर सोडूनच द्यावा. बोर्ड स्वतः त्याच पेपरात इंग्रजीतून मराठीत भाषांतराला पाच गुण ठेवते, ते उगीच नव्हे.

परीक्षेपर्यंत आठवड्याला एक उतारा पुरे. तो ग्रामसभेचा असो, घोडायात्रेचा असो की ताडोब्याच्या वाघाचा. आणि शीर्षक शेवटी, सारांश लिहून झाल्यावर द्यायला सांगा. तीन-चार शब्द, पूर्ण वाक्य नको. वरच्या सारांशाला 'द चिमूर अपरायझिंग' चालेल. यातही 'राइज'च्या पुढे 'अप' आणि मागे 'इंग' लागले आहे, हे पोराच्या ध्यानात आले का, तेवढे विचारून पाहा.