अ‍ॅक्टनचा वीरगळ

बॉस्टनहून रूट टू पकडून पश्चिमेला निघालं की वीस-पंचवीस मैलांवर अ‍ॅक्टन लागतं. मॅसॅच्युसेट्समधलं २४ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. इथल्या मराठी मंडळींना विचारा, 'अ‍ॅक्टनलाच का घर घेतलंत?' दहातले नऊ जण सांगतील, 'शाळा चांगल्या आहेत हो.' आम्हीही त्याचसाठी आलो. ग्रोसरी, पोहण्याचा क्लास, शनिवारी कोणाकडे तरी पॉटलक, झाला वीकएंड. गावाच्या मध्यभागी ७५ फूट उंच दगडी मनोरा आहे. मुलांना लायब्ररीत सोडताना आपण त्याच्या शेजारून गाडी काढतो आणि पुढे जातो. त्याच्याखाली तीन माणसं पुरलेली आहेत, हे मला इथे राहायला आल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं.

अ‍ॅक्टन सेंटर म्हणजे आपल्याकडचं गावठाण समजा. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी तिकडच्या खेड्याचाच साचा इथे वापरला. मधे सगळ्यांच्या मालकीची मोकळी जागा, तिला म्हणायचं 'कॉमन'. पूर्वी गुरं चरायची, म्हणजे आपलं गायरानच. कडेला मीटिंग हाउस. रविवारी तिथे प्रार्थना आणि एरवी गावाचा कारभार, देऊळ आणि चावडी एकाच छपराखाली. अ‍ॅक्टन आधी शेजारच्या कॉन्कर्डचा भाग होतं. प्रार्थनेसाठी दर आठवड्याला इतक्या लांब कोण जाणार, म्हणून लोकांनी वेगळं गाव मागितलं आणि १७३५मध्ये ते मिळालं. आज कॉमनभोवती पांढऱ्या कळसाचं चर्च, टाउन हॉल आणि लाल विटांची मेमोरियल लायब्ररी आहे. पाच मिनिटांत सगळं पायी बघून होतं.

आता मनोऱ्याखालची माणसं. त्यातला मुख्य आयझॅक डेव्हिस. वय ३०, धंदा बंदुका बनवण्याचा, गावच्या मिनिटमेन तुकडीचा कॅप्टन. मिनिटमेन म्हणजे हाक येताच मिनिटभरात निघायची तयारी ठेवलेले शेतकरी-कारागीर. १९ एप्रिल १७७५च्या पहाटे निरोप आला, की ब्रिटिश पलटण कॉन्कर्डमधला दारूगोळा जप्त करायला निघाली आहे. डेव्हिसच्या अंगणात माणसं जमू लागली. घरात चार मुलं, चौघंही आजारी. सगळ्यात धाकटं दीड वर्षाचंही नव्हतं. त्याची बायको हॅना हिने पुढे म्हातारपणी, १८३५मध्ये, शपथेवर जबानी दिली. तो त्या सकाळी फारसं बोलला नाही, असं तिने सांगितलं. निघताना काहीतरी सांगायचं असल्यासारखा वळला आणि मुलांना नीट सांभाळ, एवढंच म्हणाला.

सहा-सात मैल चालून ही तुकडी कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजपाशी पोचली. डेव्हिस स्वतः कारागीर, त्यामुळे त्याच्या माणसांच्या बंदुकांना संगिनी होत्या. म्हणून अ‍ॅक्टनला पुढे ठेवलं. ब्रिटिशांनी गोळ्या झाडल्या, त्यात डेव्हिस आणि विशीतला अ‍ॅबनर हॉस्मर जागीच गेले. दुपारी डेव्हिसचा देह घरी आणला आणि हॅनाच्याच खोलीत ठेवला. ती नव्वदी ओलांडून, १८४१पर्यंत जगली.

तिसरा जेम्स हेवर्ड. पायाची बोटं कुऱ्हाडीने तुटलेली, त्यामुळे त्याला सैन्यात जायची सक्ती नव्हती. तरी गेला. परतणाऱ्या ब्रिटिशांच्या मागावर असताना लेक्सिंग्टनमध्ये एका विहिरीवर पाणी प्यायला थांबला आणि समोर एक ब्रिटिश सैनिक उभा राहिला. दोघांनी एकाच वेळी गोळी झाडली. सैनिक तिथेच पडला, हेवर्ड नंतर काही तासांनी गेला. त्याच्या कमरेच्या दारूच्या शिंगातून ती गोळी आरपार गेली होती. भोक पडलेलं ते शिंग अ‍ॅक्टनने आजही जपून ठेवलंय.

लायब्ररीची इमारत १८९०मध्ये गावाला भेट मिळाली, ती यादवी युद्धात लढलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ. १८६१मध्ये लिंकनने सैनिक मागितले तेव्हा 'डेव्हिस गार्ड्स' नावाची गावची तुकडी लगेच निघाली. वॉशिंग्टनला जाताना बाल्टिमोरमध्ये जमावाने त्या पलटणीवर हल्ला केला. तारीख होती १९ एप्रिल! बरोबर ८६ वर्षांनी.

गेल्या वर्षी आई-बाबा वाईहून आले होते. बाबांना मी मोठ्या उत्साहाने मनोरा दाखवायला नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वीरगळच की रे हा." आमच्या वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ ओळीने उभे आहेत. खाली लढाई, वर अप्सरा वीराला घेऊन जाताहेत, त्याच्यावर शिवपूजा, टोकाला चंद्र-सूर्य. फरक एवढाच, की आमच्या बहुतेक वीरांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. इथे नाव आहे, गाव आहे, तारीख आहे, बायकोची जबानीसुद्धा आहे.

आणि गावं म्हटली की मानपानही आलाच. १८३५मध्ये कॉन्कर्डचा इतिहास छापून आला तेव्हा अ‍ॅक्टनवाल्यांना वाटलं, आपल्या माणसाचं श्रेय शेजाऱ्यांनी पळवलं. जोसाया अ‍ॅडम्स नावाच्या गृहस्थांनी १८५०मध्ये त्या इतिहासकाराला उद्देशून पत्र लिहिलं आणि ते छापलंही. पुढच्याच वर्षी हा मनोरा उभा राहिला. गंमत म्हणजे नॉर्थ ब्रिजवर नांगर सोडून बंदूक उचललेल्या मिनिटमनचा पुतळा आहे, १८७५चा. तो करताना डॅनियल चेस्टर फ्रेंचने चेहऱ्यासाठी डेव्हिसच्या वंशजांचा आधार घेतला, असं सांगतात. मला विचाराल तर कॉन्कर्डने हा वाद तिथेच हरला.

या गौरवात एक गोष्ट मात्र बसत नाही. आमच्या आसपास नॅशोबा, नगॉग अशी नावं सारखी दिसतात. नॅशोबा ही इथल्या मूळ रहिवाशांपैकी ख्रिस्ती झालेल्यांची वस्ती. १६७५-७६च्या युद्धात त्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं नव्हतं, तरी त्यांना बॉस्टनच्या बंदरातल्या डिअर आयलंडवर नेऊन ठेवलं. त्या हिवाळ्यात बेटावर डांबलेले कितीतरी जण भुकेने आणि थंडीने मेले. त्यांच्यासाठी कॉमनवर ७५ फुटी काही नाही. त्यांनाही 'इंडियन'च म्हणायचे, आणि मुलाला हा शब्द समजावताना माझी दरवेळी तारांबळ उडते.

बाबांना टाउन मीटिंग बघायची होती. हायस्कूलच्या सभागृहात भरते. ही खरीखुरी ग्रामसभा. गावचा कोणीही नोंदणीकृत मतदार यायचं, बोलायचं, बजेटवर मत द्यायचं. शाळेच्या खर्चावरून चांगलीच जुंपली होती. मतदार नसलेल्यांची जागा वेगळी, तिथे आम्ही दोघं बसलो. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "तू हात का नाही वर केलास?"

"मला मत नाही, बाबा. नागरिक नाही ना मी."

"घरपट्टी भरतोस ना?"

"दर तीन महिन्यांनी."

"मग ते मनोऱ्याखालचे लोक कशासाठी लढले म्हणालास?"

मी हसून गाडी सुरू केली, पण प्रश्न काही गेला नाही. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही तेव्हाची घोषणा इथे शाळेत पाठ करून घेतात. मी ११ वर्षं इथे आहे, एच-वन बीवर. एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची. त्यानंतर नागरिकत्व, मग मत. तोवर मुलगा शाळा संपवून बाहेर पडलेला असेल. मतदान नागरिकांनीच करावं, हे मला पटतं, आपल्याकडेही तेच आहे. पण शाळेच्या बजेटपुरतं तरी? केंब्रिज आणि अ‍ॅम्हर्स्ट या गावांनी नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत द्यायची परवानगी राज्याकडे मागितली होती, ती मिळाली नाही. हॅना डेव्हिसलाही आयुष्यात कधी मत देता आलं नाही म्हणा. बायकांना तो हक्क देशभर मिळाला १९२०मध्ये.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी इथे पेट्रियट्स डेची सुट्टी असते. त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉन, त्यामुळे सगळी गर्दी तिकडे. तुम्ही पहाटे अ‍ॅक्टनला या. जुन्या पोशाखातले मिनिटमेन डेव्हिसच्याच वाटेने ढोल वाजवत नॉर्थ ब्रिजकडे निघतात, आणि त्यांच्यासोबत कोणीही चालू शकतं. थंडी असते, कानटोपी आणा. चालायला बूट चांगले हवेत आणि परत यायला कोणीतरी गाडी घेऊन कॉन्कर्डला थांबलेलं बरं.