गोपनीय शेरा

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर माणसाला दोन सवयी लागतात. बेरजेखाली दोन रेघा ओढायच्या, आणि माणसांबद्दलचे मत कागदावर लिहून पाकीट चिकटवून टाकायचे. पहिली सवय निरुपद्रवी आहे. दुसरीबद्दल आज थोडे बोलायचे आहे.

ज्यांनी नोकरी केली त्यांना ‘कॉन्फिडेन्शिअल रिपोर्ट’ म्हणजे काय हे सांगायला नको. वर्षाअखेरीस साहेबाने हाताखालच्या अधिकाऱ्यावर शेरे लिहायचे आणि वरच्या कार्यालयात धाडायचे. गंमत अशी, की शेरा वाईट असला तर तो त्या माणसाला कळवण्याची पद्धत होती. चांगला असला तर तो फायलीत निजून राही. आपण कुठे कमी पडलो हे माणसाला लेखी मिळे, कुठे उजवे ठरलो हे निवृत्त होईतो कळत नसे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी सेवेतल्या माणसाला प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, कळवलाच पाहिजे. तोवर आमची बरीचशी नोकरी उरकली होती.

पण ही रीत काही कचेरीतलीच नव्हे. मुलगा गणितात घसरला की आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे बोलतात. त्याच मुलाने कुणी न शिकवता पेटीवर सूर जुळवले, तर आई ओट्याशी डोळे पुसते आणि बाहेर येऊन म्हणते, ‘पुरे आता, अभ्यासाला बस.’ का, तर तोंडावर कौतुक केले की पोर शेफारते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांनाही हीच धास्ती होती. लहानगा भीमराव शाळेतली परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांना त्याचा सत्कार करायचा होता. वडील अजिबात तयार नव्हते. पोराच्या डोक्यात हवा जाईल, म्हणाले. अखेर लोक कृष्णराव अर्जुन केळुसकरांकडे गेले. त्यांनी वडिलांशी वाद घालून त्यांना राजी केले, सभेचे अध्यक्षपद घेतले आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले. ही हकिगत बाबासाहेबांनीच उतारवयात, 1956 साली, आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. त्याच वर्षी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

केळुसकर सभेत बोलून घरी गेले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे कॉलेजच्या खर्चापायी शिक्षण अडले तेव्हा तेच या मुलाला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महाराजांनी दरमहा 25 रुपये देऊ केले. पिकल्या आंब्याला गोड म्हणायला काही लागत नाही. कोय पाहून बोलायचे, तर आपले हसे होण्याची तयारी ठेवावी लागते, आणि वर पाणीही घालावे लागते.

मला स्वतःला असे एक वाक्य मिळाले होते. नवा क्लार्क असताना एका थकलेल्या कर्जदाराला मी पत्र लिहिले. आमचे हेडकॅशियर, जे नोटांखेरीज काही वाचत नसावेत अशी माझी समजूत होती, ते पत्र वाचून म्हणाले, ‘अहो, हा माणूस पैसे भरायच्या आधी रडेल. तुम्ही गोष्टी लिहा.’ माझ्या पहिल्या कादंबरीचे मूळ कुणी विचारले की मी मोठमोठ्या लेखकांची नावे घेतो. खरे मूळ त्या कॅशच्या पिंजऱ्यात आहे.

असे असूनही मी काय केले, ते ऐका.

1996 साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेचा मॅनेजर होतो. हाताखाली तिशीतल्या एक अधिकारी बाई होत्या. एका रात्री बॅलन्सिंगमध्ये साडेचारशेचा फरक येत होता. बाईंच्या तो ध्यानात आला होता. नव्या पोराने 1270 चे 1720 लिहिले होते. पण त्यांनी त्यावर बोट ठेवले नाही. त्याला एवढेच म्हणाल्या, ‘फरकाला नऊने भाग जातोय का बघ बरं.’ भाग गेला, म्हणजे आकडे उलटे पडलेत, हे त्याचे त्यालाच उमगले. पोरगा आठवडाभर शाखेत मिरवत होता.

मी ते पाहिले होते. त्या वर्षी रिपोर्टमध्ये लिहिले, की या बाई स्वतंत्रपणे शाखा सांभाळतील आणि माझ्यापेक्षा चांगली सांभाळतील. दुसरा भाग लिहिताना पेन जरा अडले, पण लिहिला. पाकीट रवाना केले आणि बाईंना म्हणालो, ‘व्हाउचर्स वेळेवर तपासत चला.’

पुढे बढतीचे सर्क्युलर आले. बाईंनी अर्ज भरला नाही. घरची अडचण असेल, बदली नको असेल, असे मीच ठरवले, विचारले नाही. लहान गावात बाईमाणसाचे कौतुक केले तर लोक काय म्हणतील, हे एक कारण. लांबच्या शाखेत त्यांना जमले नाही तर बोल माझ्यावर येईल, हे दुसरे. तिसरे लिहिताना लाज वाटते: त्या गेल्या तर मार्चचे क्लोजिंग कोण काढणार?

गेल्या वर्षी पुण्यात एका लग्नात त्या भेटल्या. त्याच श्रेणीतून निवृत्त झाल्या होत्या. बोलता बोलता मी ते जुने वाक्य सांगितले. त्यांनी हातातले ताट खाली ठेवले.

‘साहेब, मला वाटायचं तुमचं माझ्याबद्दल मत बरं नाही. त्या वेळी आमच्या घरी विचारलं होतं, तुला जमेल का? मला काही सांगता आलं नाही.’

मी गप्प राहिलो. मग त्यांनी पंगतीपलीकडे उभ्या असलेल्या आपल्या मुलीला हाक मारली. ती आली, मला नमस्कार केला.

‘साहेब,’ बाई म्हणाल्या, ‘काय लिहिलं होतं, ते हिच्यासमोर एकदा सांगा.’