बिबळा, बिजा आणि असाणा : एका वृक्षाच्या नावांसंबंधी

वृक्षांचे रक्षण हा वनस्पतिशास्त्राचा विषय; त्यात भाषेच्या अभ्यासकाने का पडावे, अशी शंका वाचकास येणे साहजिक आहे. तिचे उत्तर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत सापडते. मालकीच्या जमिनीवरही परवानगीवाचून तोडू नयेत अशा वृक्षांच्या या यादीत 'बिजा' हे एक नाव आहे. जुन्नर-आंबेगावच्या बाजूस मात्र हा वृक्ष 'बिबळा' होय. 'बिजा' (सं. बीजक) हे रूप विदर्भाकडील आणि हिंदी प्रदेशातील.

घोटाळा एवढ्यावरच थांबत नाही. संस्कृत वैद्यकातील 'असन' तो हाच, असे सामान्यतः मानतात. पण मराठीत 'असाणा' म्हणजे काटेरी खोडाचे एक निराळेच झाड. उच्चारसाम्याने कोणी बिबळ्याची सांगड बिब्ब्याशी घालतो, ती गंमत वेगळीच.

शास्त्रज्ञ ज्याला टेरोकार्पस मार्सुपियम म्हणतात तो हा वृक्ष आज जागतिक लाल यादीत संकटाच्या समीप गणला गेला आहे. त्याचे लाकूड कठीण व टिकाऊ. सालीला घाव बसला की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहावर घेण्याची रीत असल्याने मागणीही आहे. हिरड्याचे नाव याच अनुसूचीत आहे. परंतु या तालुक्यांतील महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात, म्हणजे हिरड्याचे मोल तो उभा असताना मिळते. बिबळ्याचे मोल तो पडल्यावर. शिवाय हिरडा कायद्यातही हिरडाच आहे.

देवराईत हा प्रश्न उद्भवत नाही. आंबेगावातील आहुपे येथील राईतले झाड अमुक जातीचे म्हणून नव्हे, तर देवाचे म्हणून राखले जाते. तेथे नावावाचून अडत नाही. भीमाशंकर अभयारण्यातही (१९८५) संरक्षण क्षेत्राला आहे. बांधावरच्या एकट्या झाडाचा आधार मात्र यादीतला शब्द, आणि तो शब्द शेतकऱ्याच्या तोंडचा नसेल तर त्या आधाराचा उपयोग किती?

म्हणून अनुसूचीच्या मराठी प्रतीत व परवानगीच्या अर्जात प्रत्येक वृक्षाची स्थानिक नावे शेजारी शेजारी छापावीत. ती गोळा करण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांस सहज करता येईल. मात्र छापील यादी वाचून दाखवून नव्हे. झाडाखाली उभे राहून, त्याचे गोल, पापुद्र्याच्या कडेचे फळ हातावर ठेवून विचारावे, 'याला तुम्ही काय म्हणता?'