भाषेच्या अभ्यासकाचा पहिला प्रोग्रॅम

प्रोग्रॅमिंगची नवशिक्यांसाठीची पुस्तकं वर्षानुवर्षं मूळ संख्या आणि सरासऱ्या काढायला लावत आली. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र एखादा प्रत्यय मजकुरात कुठेकुठे लागलाय, ते शोधायचं असतं. ही गरज ओळखणारी पुस्तकं निघाली, पण तुरळक. १९८५ मध्ये सुझन हॉकी यांनी मानव्यविद्यांच्या अभ्यासकांसाठी स्नोबॉल या भाषेवर पुस्तक लिहिलं. मग पर्लचा जमाना आला. ती घडवणारे लॅरी वॉल स्वतः भाषाविज्ञान शिकलेले. मायकल हॅमंड यांनी २००२ मध्ये जावा आणि २००३ मध्ये पर्ल खास भाषावैज्ञानिकांना शिकवली.

खरा फरक पडला तो एनएलटीकेमुळे. स्टीव्हन बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी २००१ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवण्यासाठी पायथन या भाषेत मजकूर तपासायच्या साधनांचा हा संच उभा केला. यूअन क्लाइन यांच्यासह लिहिलेलं त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं, इंटरनेटवर फुकट. त्यात पहिल्याच प्रकरणात 'मोबी डिक' ही अख्खी कादंबरी हातात येते आणि एका ओळीच्या कोडने हवा तो शब्द मागच्यापुढच्या संदर्भासकट समोर उभा राहतो. लूप वगैरे नंतर. शिकवण्याचा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. संचात शब्दजातींच्या खुणा केलेला थोडा मराठी मजकूरही आहे.

मराठी मजकूर घेतला की मात्र अडायला होतं. पायथन २ च्या साध्या स्ट्रिंगमध्ये 'मराठी'ची लांबी १५ यायची, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. २००८ च्या अखेरीस आलेल्या पायथन ३ मध्ये ती ५ झाली. काना आणि वेलांटी अजूनही वेगळ्या मोजल्या जातात. शब्द सुटे करायला सर्रास शिकवला जाणारा 'बॅकस्लॅश डब्ल्यू' हा शोधनमुना तर काना-वेलांटीला अक्षर मानतच नाही. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. 'रेजेक्स' नावाचं वेगळं मॉड्यूल वापरलं तर शब्द अखंड राहतो, पण इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्याला त्याची गरजच भासलेली नसते.

हॅमंड यांचं पायथनवरचं पुस्तक २०२० मध्ये आलं. मला आता तसं मराठी मजकुरावर बेतलेलं पुस्तक हवंय. त्यातला पहिला स्वाध्याय सोपा असावा: 'घोडा' शोधल्यावर 'घोड्याला' आणि 'घोड्यांनी' का सापडले नाहीत, आणि नुसतं 'घोड' शोधल्यावर 'घोडचूक' का सापडली?