बाणाला पिसे कशासाठी?

पिसांमुळे बाण लांब उडतो, हा समज सर्वत्र आढळतो. घरी बाण बांधू पाहणाऱ्याने हा समज आधी सोडावा. पिसे बाणाला उचलत नाहीत. ती मागच्या टोकाशी वायुरोध (हवेचा मागे खेचणारा जोर) वाढवतात. बॅडमिंटनचे फूल कसेही मारा, बूच पुढे करूनच जाते, तसेच बाणाचे टोकही पुढे राहते. म्हणून फार मोठ्या पिसांचा बाण लवकर सावरतो, पण वेगही लवकर गमावतो.

तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखांतली हवीत, कारण डाव्या-उजव्या पिसांचा बाक उलट असतो. प्लॅस्टिकची पाती पावसात टिकतात, हे खरे. पण साध्या धनुष्यावर बाण मुठीला घासून सुटतो. तिथे पीस दबून पुढे सरकते. ताठ पाते बाणाला बाजूला ढकलते.