तुळईतली वलयं

लोहारा तालुक्यात एक जुनं माळवद उतरवत होते. सागाची तुळई खाली आली, तेव्हा सुताराकडून तिच्या टोकाची चकती कापून घेतली. रंधा मारला, मग जाड ते बारीक असा पॉलिश पेपर फिरवत गेलो. करवतीच्या खुणा गेल्या आणि वलयं उघडी पडली. भिंगाखाली प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो आणि पाण्यावर पुन्हा वाढू लागतो. त्या वेळी तयार झालेल्या या पाणी वाहणाऱ्या नळ्या. कडुनिंबात वर्षाची हद्द इतकी स्पष्ट सापडत नाही.

मध्येच काही वलयं अगदी चिकटलेली होती. बघणारे लगेच म्हणाले, ‘दुष्काळ!’ पण कीड, आग, शेजारच्या झाडाची सावली यांनीही वलय अरुंद होतं. कधी एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून अनेक झाडांमधला रुंद-अरुंद क्रम जुळवावा लागतो. खरी मेहनत तीच. नंतर वयामुळे पडणारा फरक काढून हवामानाच्या नोंदींशी ताळा घ्यायचा. काही वर्षांच्या नोंदी परीक्षेसाठी मुद्दाम बाजूला ठेवायच्या.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केरळच्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली. उभ्या झाडाला पोकळ गिरमिटाने छातीच्या उंचीवर भोक पाडून पेन्सिलीपेक्षाही बारीक कांडी काढतात. झाड तोडावं लागत नाही.

स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागात पाइन वृक्षांना ऊब कमी पडते. तिथे उन्हाळा उबदार असला की वलय रुंद आणि लाकूड घट्ट होतं, म्हणून त्यावरून शतकांपूर्वीच्या उन्हाळ्यांचं तापमान काढता येतं. पश्चिम हिमालयातल्या देवदारात बहुधा उलट: पावसाळ्याआधी फार तापलं की जमिनीतली ओल उडते आणि वलय आखडतं. आमच्या बालाघाटच्या डोंगररांगेत तर टंचाई पाण्याचीच.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात या भागातली असंख्य माळवदं कोसळली. उरलेली आता उतरवली जाताहेत. तुळई विकण्याआधी चार बोटं जाडीची चकती ठेवा. तिच्यावर गाव, घर केव्हाचं आणि लाकूड कुठून आणलं ते लिहा. झाड कुठे वाढलं हे कळल्याशिवाय दुष्काळ कुठला ते सांगता येत नाही. सालीकडची कड मात्र तासू नका. झाड कोणत्या वर्षी तोडलं, हे तिथल्या शेवटच्या वलयावरूनच ठरतं.